धक्का, जम्पर, नवी बॅटरी की टोचन : सकाळी गाडी सुरू होत नाही तेव्हा काय निवडावे?

नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, निफाडच्या बाजूला त्याहूनही खाली, आणि मग ऑफिसच्या वेळेला सोसायटीच्या आवारात कुणाची ना कुणाची गाडी उचलेनाशी होते. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमके त्याच वेळी ऑइल दाट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. बॅटरीची खरी झीज मात्र एप्रिल-मेच्या उन्हात झालेली असते. थंडी ती फक्त उघडी पाडते.

अशा वेळी धक्का मारावा, जम्पर (दुसऱ्या बॅटरीची वीज आपल्या गाडीला देणारी केबल) लावावा, नवी बॅटरी घ्यावी की गाडी टोचन करून गॅरेजला न्यावी, हे ठरवण्याआधी चावी फिरवल्यावर काय ऐकू येते तिकडे लक्ष द्यावे. टक-टक-टक असा आवाज येऊन डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीवरचे वायरीचे जोड, धड बसलेले नाही. दिवे लख्ख आणि फक्त एकदाच ‘टक’ होत असेल, तर संशय सेल्फवर, म्हणजे इंजिन फिरवून देणाऱ्या स्टार्टर मोटरवर घ्यावा. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशी स्थिती असेल तर बॅटरीचा दोष नाही. इंधन, स्पार्क किंवा चावी न ओळखणारा इमोबिलायझर यांपैकी काहीतरी अडले आहे, आणि तेथे जम्पर लावून काहीच साधत नाही. सीएनजीच्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, त्यामुळे पेट्रोलचा काटा महिनोन्‌महिने तळाशी ठेवणाऱ्यांनी आधी त्या काट्याकडे पाहावे.

धक्का हा फुकटचा उपाय खरा, पण तो हाताने गिअर बदलण्याच्या गाडीलाच चालतो, ऑटोमॅटिकला नाही. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, आणि गाडीने वेग घेतला की क्लच झटक्यात सोडायचा, ही पद्धत सर्वांना पाठ असते. तथापि, डॅशबोर्ड पूर्ण काळोखा असेल तर आजच्या गाडीत इंधन पंपाला आणि संगणकालाच वीज मिळत नाही, मग चौघांनी घाम गाळूनही गाडी हूं की चूं करीत नाही. शिवाय इंजिन बंद असताना स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड लागतात, म्हणून पंचवटीतील एखाद्या उताराच्या अरुंद गल्लीत हा प्रयोग मी तरी करणार नाही.

जम्पर केबल त्यापेक्षा सुरक्षित आहे, फक्त क्रम चुकू नये : लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून दूर राहते. ज्यांची गाडी बेसमेंटमध्ये असते आणि शेजारी दुसरी गाडी आणता येत नाही, त्यांना पॉवर बँकसारखा पोर्टेबल जम्प स्टार्टर अधिक सोयीचा, मात्र तो उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत पडू देऊ नये. जम्परने गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे मात्र नव्हे. नाशिकच्याच इंदिरानगरहून जवळच्या द्वारका चौकापर्यंत जाऊन तेथे इंजिन बंद केले, तर पुन्हा तोच प्रसंग उभा राहू शकतो.

नवी बॅटरी हा सर्वांत महाग पर्याय, आणि घाईत चुकतो तोही हाच. मागील हिवाळ्यात माझी गाडी आठ दिवस उभी होती आणि नवव्या दिवशी नुसती टकटक. घरी आलेल्या दुकानदाराने झाकण उघडताच ‘बॅटरी गेली साहेब’ म्हणून निकाल दिला आणि नवीन बॅटरी टेम्पोतून उतरवूही लागला. मायनस टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती आणि क्लॅम्प बोटाने हलत होता. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुतले, कोरडे केले, 10 नंबरच्या पान्याने आवळले, आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. ती बॅटरी अजून चालू आहे.

म्हणून दुकानाला फोन करण्याआधी व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर बॅटरीला लावावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी, 12 च्या खाली जवळपास रिकामी. नंतर इंजिन चालू ठेवून पुन्हा मोजावे, साधारण 13.8 ते 14.4 आले तर चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारा अल्टरनेटर काम करतो आहे. हा आकडा 13 च्याही खाली राहिला, तर नवी बॅटरीदेखील काही दिवसांत उतरेल आणि खर्च करायचा तो अल्टरनेटरवर किंवा त्याच्या बेल्टवर. चार्जिंग व्यवस्थित असून बॅटरी रात्रीत बसत असेल आणि तिला चार वर्षे होऊन गेली असतील, तर मात्र बदलायला चालढकल करू नये. घेताना उत्पादनाचा महिना पाहावा, वॉरंटीपैकी किती महिने पूर्ण बदलून मिळते आणि किती महिने फक्त सवलत मिळते हे विचारावे, आणि जुनी बॅटरी परत देऊन तिची किंमत वजा करून घ्यावी. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला तिच्याच प्रकारची बॅटरी लागते. स्वस्तातली साधी बसवली तर ती लवकर संपते.

टोचन उरते ते सेल्फ, इंधन किंवा वायरिंगच्या बिघाडासाठी. द्राक्षबागांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हाही त्यातलाच प्रकार. विम्यात रस्त्यावरील मदतीची जोड घेतलेली असेल तर आधी तो क्रमांक लावावा, कारण जम्पर आणि टोचन दोन्ही बहुधा त्यातच असतात. गाडी ऑटोमॅटिक असेल तर दोरीने ओढू न देता पूर्ण गाडी उचलून नेणारा सपाट ट्रकच मागवावा; इंजिनचा जोर ज्यांना मिळतो ती चाके रस्त्यावर फिरवत नेल्यास गिअरबॉक्सचे नुकसान होऊ शकते, आणि तो खर्च चांगल्या बॅटरीच्या कितीतरी पट असतो.