टाचेमागची शीर आणि सात गिअरची सायकल: दिवाळी ते आखाजी

आधीच सांगून टाकतो, अकिलीसचं, म्हणजे पोटरी टाचेला जोडणाऱ्या जाड शिरेचं (टेंडनचं) दुखणं सायकलने बरं होत नाही. ते बरं होईस्तोवर दम टिकवायला मात्र तिच्याइतकं कामाचं मला दुसरं काही सापडलं नाही. पळणं बंद, चालणं मोजकं, आणि पोट सुटायला लागलेलं.

माझं दुखणं टाचेच्या हाडापासून चार बोटं वर, शिरेच्या मधल्या भागात. शीर तुटलेली नव्हती. तुटली असेल त्यांनी यातलं काहीच करू नये, डॉक्टर सांगतील तेच.

सायकल साधी, सपाट पायडलची. सगळा खेळ सीटचा. दुकानातून आली तेव्हा सीट इतकी उंच, की खालचं पायडल गाठायला चवडा ताणावा लागे आणि पोटरी दिवसभर ओढलेली. फार खाली घेतली की जोर देताना टाच खाली जाते, शीर ताणते, वर गुडघे कुरकुरतात. शेवटी फिजिओची युक्ती लागू पडली: पायडल चवड्याखाली नाही, तळपायाच्या मध्याखाली. पोटरीवरचा भार लगेच हलका वाटतो. त्यासाठी सीट थोडी उतरवावी लागते. दुकानवाला म्हणालाच, "भाऊ, सीट इतली खाले कसाले?" दांड्यावर काळ्या टेपची खूण करून ठेवलीय, कारण भाचा अधूनमधून सायकल पळवतो. यात एक खोट आहे: हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं.

धुळ्यात मी नकाणे तलावाच्या बाजूला जातो. हलका गिअर, पाय भरभर. पायडलवर उभं राहायचं नाही, म्हणून लळिंगचा घाट अजून लांबच. चैत्रापासून ऊन चढायच्या आत घरी.

जास्त झालं की नाही, हे त्या दिवशी कळत नाही. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरल्यावरची पहिली पावलं बघायची. आखडणं रोजच्याइतकंच असेल तर कालचं अंतर पचलं. वाढलं असेल तर सायकल भिंतीला.

शीर खरी मजबूत होते ती पायरीवर. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर अल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेला व्यायाम: पायरीच्या कडेवर टाच सावकाश खाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून १५ च्या ३ फेऱ्या, वाकवून ३, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. रोजचे १८० होतात. (दुखणं टाचेच्या हाडालाच असेल तर टाच पायरीखाली नेत नाहीत.) भयंकर कंटाळवाणं काम. सायकलला कोणी आठवण करून द्यावी लागत नाही, पायरी मात्र राहूनच जाते. म्हणून घरच्यांनी कुलपाची किल्ली ताब्यात घेतलीय. पायरी झाल्यावरच मिळते.