सिएटलहून सायकलसाठी जायचंय: पोर्टलंड की व्हँकुव्हर?

लाँग वीकेंड जवळ आला की सिएटलच्या आमच्या मित्रमंडळीत हा प्रश्न निघतोच. ऑरेगनमधलं पोर्टलंड दक्षिणेला, कॅनडातलं व्हँकुव्हर उत्तरेला, दोन्ही तीन-चार तासांवर. अ‍ॅमट्रॅकची कॅस्केड्स ही रेल्वेगाडी दोन्हीकडे जाते.

आधी पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्टवर एच-१बीवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो, ग्रीन कार्डवाल्यांना नाही. पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा स्टॅम्प संपला असेल तर परतीचे नियमही वाचून ठेवा. ग्रुपमध्ये एकाचं जरी अडलं, तरी निर्णय तिथेच झाला.

सगळ्यांचं जमत असेल, तर व्हँकुव्हरची सीवॉल, म्हणजे समुद्रालगतची वाट, डोळ्यांचं पारणं फेडते. स्टॅन्ली पार्कभोवतीचा जवळपास १० किलोमीटरचा फेरा, उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला उंच झाडं. सायकलींना एकच दिशा, त्यामुळे समोरून कोणी अंगावर येत नाही. चढही जवळपास नाही. दहावीनंतर सायकलला हात न लावलेली आमची मैत्रीण इथे पंधरा मिनिटांत सरावली. हेल्मेट मात्र मोठ्यांनाही सक्तीचं.

पण व्हँकुव्हरला आपण सायकल चालवायला जातो. पोर्टलंडला सायकलवरून कुठे कुठे जातो. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो.

पोर्टलंडमध्ये नदीवर २०१५ साली खुला झालेला टिलिकम क्रॉसिंग पूल आहे. त्यावर ट्राम, बस, सायकल आणि पायी माणसं, खासगी गाड्यांना बंदी. तिथून पूर्वेच्या काठाने ईस्टबँक एस्प्लनेड हा नदीकाठचा मार्ग धरायचा. त्याचा काही भाग चक्क नदीवर तरंगता आहे. मग स्टील ब्रिजच्या खालच्या मजल्यावरून पलीकडे. थोडं पुढे, नाइटो पार्कवे या रस्त्याच्या दुभाजकात मिल एंड्स पार्क. पार्क म्हणजे केवढं? दोन फूट व्यासाचं गोल आळं! दिव्याच्या खांबासाठी खणलेला खड्डा तसाच पडून होता, तेव्हा डिक फॅगन या पत्रकाराने त्यात फुलं लावली. बुटक्या आयरिश यक्षांची वस्ती म्हणून त्याने त्याच्या गोष्टी लिहिल्या आणि पुढे शहराने ते खरोखरच उद्यान म्हणून जपलं. आम्ही पाचजण त्या आळ्याभोवती गुडघ्यांवर बसून रोपं न्याहाळत होतो.

नंतर पॉवेल्स, एक अख्खा ब्लॉक व्यापणारं पुस्तकांचं दुकान. भूक लागली की फूड कार्ट्स. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. ऑरेगनमध्ये सेल्स टॅक्स नाही, म्हणजे पाटीवरची किंमत तीच बिलावर.

एक गोष्ट मनापासून सांगते: डाउनटाउनमध्ये ट्रामचे रूळ काटकोनातच ओलांडा. आमच्यातल्या एकाने तिरकं जायचा प्रयत्न केला, पुढचं चाक खाचेत अडकलं आणि कोपर चांगलंच सोलवटलं. पूर्वेकडच्या गल्ल्यांमध्ये ही भीती फारशी नाही. तिथे स्पीडब्रेकरमुळे गाड्या हळू चालतात आणि रस्त्यावर रंगवलेल्या सायकलींच्या खुणा धरून नकाशाशिवाय फिरता येतं.

मुलं, आईबाबा किंवा नवशिके सोबत असतील तर व्हँकुव्हर. चार-पाच मित्र, दोन रात्री आणि सायकलचा थोडाफार सराव असेल तर माझं मत पोर्टलंडला. जुलै-ऑगस्टमध्येच जा, पाऊस कमी असतो. मुक्काम नदीच्या पूर्वेला घ्या आणि भाड्याची सायकल पहिल्याच सकाळी ताब्यात घ्या.