बँकॉकमधील शस्त्रक्रिया आणि तिच्याआधीचे नऊ दिवस : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

लिंगभावपुष्टी शस्त्रक्रियेसाठी (माझ्यासारख्या ट्रान्स स्त्रीचे शरीर तिच्या लिंगभावाशी जुळवणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी) मी बँकॉकला गेले, त्याला आता आठ महिने पूर्ण झाले आहेत. जाण्यापूर्वी मी इतरांचे अनेक अनुभव वाचले होते, परंतु ते बहुतेक शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लिहिलेले असत आणि चौथ्या किंवा पाचव्या महिन्यात शरीर कसे वागते, याचा त्यांत पत्ताच नसे. म्हणून मी लिहायला मुद्दाम उशीर केला. सगळ्याच टप्प्यांविषयी सारखे सांगणार नाही. माझ्या एका निर्णयाविषयी अधिक लिहिणार आहे, कारण त्याचे मोल मला नंतर कळले : शस्त्रक्रियेच्या नऊ दिवस आधी पोहोचून शहर पायी फिरण्याचा.

थायलंडमध्ये या शस्त्रक्रिया १९७५ पासून होत आल्या आहेत. तिथल्या वैद्यक परिषदेच्या २००९ च्या नियमांनुसार आपल्या देशातून नेलेले मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र पुरेसे नसते. तिथल्या तज्ज्ञानेही तुम्हाला तपासावे लागते. ती भेट, रक्ताच्या चाचण्या आणि सर्जनची तपासणी एवढ्यासाठी दोन-तीन दिवस पुरले असते. उरलेले दिवस म्हणजे माझी हौस, असे घरच्यांना वाटले. सोबत आलेल्या ताईलाही सुरुवातीला तसेच वाटत होते.

त्या दिवसांत मी मनाने फार स्थिर नव्हते, हेही लिहायला हवे. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी व्हावा म्हणून माझ्या सर्जनने इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक काही आठवडे आधीच थांबवायला सांगितले होते (सगळेच सर्जन तसे सांगत नाहीत, त्यामुळे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही थांबवू नये). गोळ्या बंद झाल्यावर अंगातून गरम वाफा जात, झोप मोडे, आणि एवढ्या वर्षांची वाट आता संपत आली असतानाही दुपारी विनाकारण रडू येई. खोलीत बसून राहिले असते, तर ते दिवस मला जड गेले असते.

रोज सकाळी आम्ही लुम्फिनी उद्यानात जात असू. तिथे सुमारे अडीच किलोमीटरची फेरी आहे, मधल्या तळ्यांच्या काठी मोठमोठ्या घोरपडी निवांत पडलेल्या असतात, आणि आठ वाजता राष्ट्रगीत सुरू झाले की धावणारी माणसेही जागच्या जागी थांबतात. पहिल्या दिवशी ती फेरी मला पस्तीस मिनिटांत जमली आणि मी ती वेळ वहीत लिहून ठेवली. त्याच वहीत हॉटेलपासून स्टेशनापर्यंतची पावले, जिन्याच्या पायऱ्या, लिफ्ट कोणत्या दाराशी आहे आणि रस्त्यात कुठे टेकायला जागा आहे, हेही लिहिले. मोठी योजना वगैरे काही नव्हती. मन गुंतवायला मोजत होते, एवढेच.

वाट फो मंदिरातली पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाने १०८ शुभचिन्हे कोरली आहेत. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. पहुडलेल्या देहाची इतकी शांत प्रतिमा पाहिल्यावर, आपल्यालाही आता काही दिवस असेच पडून राहायचे आहे, या विचाराची भीती थोडी ओसरली. तिथून था तिएनच्या धक्क्यावरून होडीने नदी ओलांडली की समोरच वाट अरुण लागते. त्याच्या अरुंद, उभ्या पायऱ्या मी त्याच दिवशी चढले, कारण पुढचे कित्येक महिने असे काही जमणार नव्हते. या क्रमाचा मला खरोखर फायदा झाला : चढ आणि लांब चाल आधी उरकावी, होडीची सफर आणि बसून पाहण्याच्या गोष्टी तब्येत सुधारल्यावरच्या दिवसांसाठी राखून ठेवाव्यात. पोट बिघडेल असे काही खाल्ले नाही आणि दुपारच्या उन्हात फिरले नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तर फक्त पातळ पदार्थ आणि पोट साफ करण्याचे औषध असते, त्यामुळे तो दिवस फिरण्यासाठी धरूच नये.

थाई भाषेत बोलणारी स्त्री वाक्याच्या शेवटी ‘खा’ म्हणते, तर पुरुष ‘ख्रप’. मराठीत ‘मी जातो’ की ‘मी जाते’ या एका स्वरासाठी मी अनेक वर्षे घरात वाक्ये अर्धवट सोडली आहेत. त्यामुळे होडीचे तिकीट देणाऱ्या बाईंना पहिल्यांदा ‘सवात्दी खा’ (नमस्कार) म्हटले आणि त्यांनी मानही वर न करता ‘खा’ म्हणून उत्तर दिले, तेव्हा मला किती बरे वाटले ते सांगणे कठीण आहे. तरीही या शहराचे चित्र मी केवळ गोड रंगवणार नाही. मी गेले तेव्हा तिथल्या ट्रान्स नागरिकांना स्वतःच्या ओळखपत्रावरचे जन्मतः नोंदलेले लिंग बदलण्याची कायदेशीर सोय नव्हती. शुश्रूषा करणाऱ्या एका ट्रान्स परिचारिकेकडून ते ऐकले, तेव्हा मला मिळालेल्या सोयीविषयी संकोच वाटला.

शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातले सात दिवस यांविषयी थोडक्यात सांगते. वेदना औषधांनी आटोक्यात राहिल्या. खरा त्रास उताणे पडून राहण्याचा आणि पाठीचा झाला. सहाव्या दिवशी आतली पट्टी आणि कॅथेटर (लघवीची नळी) काढला, डायलेटर (नवा योनिमार्ग आकसू नये म्हणून आत ठेवायची गुळगुळीत कांडी) कसा वापरायचा ते शिकवले आणि मग हॉटेलवर तीन आठवडे विश्रांती. माझी वही कामाला आली ती इथे. दहाव्या दिवशी हॉटेलच्या दारापर्यंत, पंधराव्या दिवशी पहिल्या बाकापर्यंत, अशी माझी प्रगती मला ओळखीच्या खुणांवर दिसत होती. चौथ्या आठवड्यात लुम्फिनीची अर्धी फेरी मी एक तासात पूर्ण केली. शहर आधी पाहिले नसते, तर तो एक तास मला केवळ हळू वाटला असता. पण आधीची पस्तीस मिनिटे वहीत होती, त्यामुळे अजून किती अंतर गाठायचे आहे ते नेमके कळले आणि घाई करावीशी वाटली नाही.

परतीच्या प्रवासासाठी विमान कंपनीकडे चाकांची खुर्ची आधीच मागून घ्यावी, मधोमध भोक असलेली गादी सोबत ठेवावी, पायांत दाबमोजे घालावेत आणि डायलेटर डॉक्टरांच्या पत्रासह हातातल्या सामानात न्यावेत. सुवर्णभूमी विमानतळावर पारपत्र तपासणीनंतर समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आहे. ताईने माझी खुर्ची तिथे थांबवली आणि म्हणाली, “बघ गं, याच मंथनानंतर विष्णू मोहिनी झाला.” लहानपणी ही गोष्ट तिनेच मला सांगितली होती.

आता घरी परतल्यानंतरच्या महिन्यांविषयी. पहिले तीन महिने दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास डायलेटर वापरावा लागला. त्याआधीची आणि नंतरची स्वच्छता धरली तर दिवसाचे तीन तास त्यातच जातात. नोकरीवर परतण्याची तारीख ठरवताना हे तास मोजले नव्हते, ही माझी सर्वांत मोठी चूक. तिसऱ्या महिन्यात आत ग्रॅन्युलेशन टिश्यू (जखम भरताना वाढणारे लालसर, मऊ मांस) वाढून रक्ताळ स्राव येऊ लागला. ही गुंतागुंत अनेकींना होते आणि सिल्व्हर नायट्रेट हे औषध लावून सहसा बरी होते, परंतु जिथे शस्त्रक्रिया झाली तिथून माझ्या प्रश्नाला दहा दिवस उत्तर आले नाही. शिवाय जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी अशी शस्त्रक्रिया पूर्वी पाहिलेली नव्हती. शेवटी त्यांनीच शस्त्रक्रियेचा अहवाल बारकाईने वाचून उपचार केले. परदेशी जाण्याआधी घराजवळच्या डॉक्टरांना भेटून त्यांची तयारी आहे का ते विचारा, आणि परतताना सविस्तर अहवाल कागदावर मागून घ्या, असे मी आता प्रत्येकीला सांगते.

सूज पूर्ण उतरायला मला सहा महिने लागले, संवेदना टप्प्याटप्प्याने आली आणि डाव्या बाजूचा एक व्रण अजून ताणला की दुखतो. डायलेटर आता दिवसातून एकदाच लागतो. इथल्या मैदानावर अडीच किलोमीटरची फेरी मी आखून घेतली आहे. गेल्या रविवारी तिला अडतीस मिनिटे लागली, आणि ती वेळ बँकॉकच्याच वहीत पुढच्या पानावर लिहिली आहे.