घाटातला अपघात: कलम १६४ की कलम १६६?

मुंबई–गोवा महामार्गावर, कशेडी घाटात म्हणा, वाहनाच्या धडकेने गंभीर जखमी झालेल्या माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कोणाची चूक हे सिद्ध न करता अडीच लाख रुपये मागता येतात. कलम १६६ खाली निष्काळजीपणा दाखवावा लागतो, परंतु उपचारखर्च, बुडालेली कमाई, कायमचे अपंगत्व आणि सोसलेल्या वेदना या सर्वांचा हिशेब न्यायाधिकरणापुढे मांडता येतो. पंचनामा, बिले व अपंगत्वाचा दाखला जुळवणारा वकील इथेच खरा आधार ठरतो. हापूसच्या झाडावर चढणाऱ्या गड्याचा पाय अशा अपघातात कायमचा अधू झाला, तर अडीच लाख फारच अपुरे, असे मला मनापासून वाटते. कलम १६४ ची रक्कम स्वीकारताच १६६ चा अर्ज संपुष्टात येतो, म्हणून सहीआधीच वकिलाला विचारावे.