हँडहेल्ड जीपीएस, सात महिने पंचगंगेवर: यंत्र चांगलं, रबरी झाकण घातक

माझं 21,000 रुपयांचं जीपीएस महिन्याभरापूर्वी बंद पडलं ते बोटाच्या पेराएवढ्या रबरी झाकणामुळं. दिवाळीत घेतलं होतं. कोल्हापूरच्या शिवाजी पुलाच्या वरच्या अंगाला कायाक (वल्ह्याची छोटी अरुंद होडी) काठाला लावत होतो, यंत्र मांडीवरून घसरलं. नदीत नाही, कायाकमध्येच पडलं, तळाला दोन बोटं पाणी होतं तिथं. दहा मिनिटांत पडदा काळा.

खोक्यावर आयपीएक्स 7 लिहिलंय, म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकायला हवं. पण ते केबलच्या भोकावरचं झाकण घट्ट बसलं तर. झाकण बिजागरीपाशी चिरलेलं, आणि ती चीर उघडल्याशिवाय दिसतच नाही. सर्व्हिस सेंटरात तीन हेलपाटे घातले. "आत ओल गेलीय, वॉरंटीत बसत नाही. बदलून हवं तर 7,200." झाकण तुमचं, चिरलं सहा महिन्यांत, आणि ओल माझी? नुसतं झाकण द्या म्हटलं तर सुटं मिळत नाही म्हणाले. उठून आलो.

घरी सेल काढले, कप्पा उघडा ठेवला, बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या घालून चार दिवस डब्यात बंद केलं. पाचव्या दिवशी सुरू झालं. मग पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि सोल्युशन घेऊन झाकण शिवल्यासारखं चिकटवलं. 30 रुपये. बादलीत अर्धा तास बुडवून बघितलं, कोरडं निघालं. तरीही हा राग जाणार नाही.

आता कामाचं. आम्ही चौघं जिओकॅशिंगसाठी, म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेले डबे शोधायच्या खेळासाठी, प्रयाग चिखलीच्या संगमापासून राजाराम बंधाऱ्यापर्यंत आपले आपण डबे लपवलेत. कालव्यात बोट घालायची नाही हे आधीच ठरवलं होतं: कडा उभ्या, ओढ जोरात, अडचण आली तर बाहेर पडायला जागा नाही. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला नदीच संथ तळ्यासारखी होते, वर-खाली दोन्हीकडं वल्हवता येतं. दोन डब्यांत 161 मीटरचं अंतर हा खेळाचा नियम पाळलाय. एका डब्यापर्यंत काठानं पोचताच येत नाही, त्याला भूभागाचे 5 गुण, म्हणजे सगळ्यात अवघड, दिलेत.

पहिल्या महिन्यात मी या यंत्राला नावं ठेवली होती. भाचा पुढं बसलेला, म्हणाला, "मामा, बाण उसातनं जा म्हणतोय." खरंच होतं. डबा 400 मीटरवर दाखवत होतं, आणि नदीचं वळण घालून आम्हाला पाऊण तास लागला. यंत्र सरळ रेषेत मोजतं, नदी सरळ जात नाही. मला वाटलं, पैसे बुडाले.

ते मत आता मागं घेतो. चूक यंत्राची नव्हती, मी फक्त डब्यांचे बिंदू भरत होतो. आता शनिवारी रात्री उपग्रह नकाशावर पात्राच्या मधोमध बोट फिरवून प्रत्येक वळणाला एक बिंदू टाकतो आणि त्या बिंदूंची फाइल (जीपीएक्स) यंत्रात चढवतो. बाण एका वळणापासून पुढच्या वळणाकडं नेतो, आणि अंतर खरं कळतं. आमची चाल ताशी 3 किलोमीटर, त्यावरून परतायची वेळ निघते. केंदाळ (जलपर्णी) आडवं आलं की मात्र कुठलाच हिशेब चालत नाही. त्यासाठी आदल्या दिवशी पुलावर जाऊन डोळ्यांनी बघावंच लागतं.

सेलचंही असंच. चार्जिंगचे सेल घातले की दोन तासांत लाल खूण यायची, म्हणून दर रविवारी नवे अल्कलाइन विकत घेत होतो. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायचा असतो हे फेब्रुवारीत कळलं. चार्जिंगचा सेल 1.2 व्होल्टचा, अल्कलाइन 1.5 चा, त्यामुळं भरलेला सेलसुद्धा यंत्राला संपलेला वाटतो. प्रकार बदलला आणि तेच सेल दिवसभर पुरले. तीन महिने फुकट पैसे घातले.

अचूकता उघड्या पात्रात 3-4 मीटर, काठावरच्या झाडीत 10 च्या पुढं. म्हणून झाडीतल्या डब्याला खूण लिहून ठेवा, नुसत्या आकड्यांवर सोडू नका. हा खेळ जन्मला तोच अचूकतेवर: 2 मे 2000 ला अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये पहिला डबा लपवला गेला.

दुकानात यंत्र हातात घेतलं की आधी झाकण उघडा, मागं दुमडा, बिजागरी उजेडात बघा. दोरी वेगळी घ्या आणि जॅकेटला बांधा, कारण हे यंत्र पाण्यावर तरंगत नाही.

मे संपत आलाय, पावसाआधी बरगे काढतील. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना पुराची इशारा पातळी, 43 ला धोका. आमचे दोन डबे त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातील. येत्या रविवारी ते काढून आणायचेत, झाकणाला आणखी एक तुकडा लावून.