ग्रेस ठेवायचं की प्रूडन्स?

माझी मावसबहीण लीड्सला असते, नवरा तिकडचाच, मार्चमध्ये मुलगी झाली. पहिलं नाव मराठी ठेवलंय, मधलं इंग्लिश हवंय आणि तेही गुणाचं, म्हणजे आपल्याकडे क्षमा, श्रद्धा असतं ना तसं. आता ग्रेस आणि प्रूडन्स दोनच उरलीत, तिने मला विचारलं म्हणून नीट बसून लिहितेय.

दोन्ही नावं इंग्लंडात रुळली ती १६व्या-१७व्या शतकात, प्युरिटन म्हणजे कडक प्रोटेस्टंट ख्रिश्चन लोकांमुळे. त्यांना संतांची नावं नको होती, मग थेट गुणांचीच ठेवायला लागले. १६२०ला त्यांना अमेरिकेला नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजावर ह्युमिलिटी आणि रिमेंबर नावाच्या मुली होत्या आणि लव्ह आणि रेसलिंग हे दोघं सख्खे भाऊ!

ग्रेस म्हणजे लॅटिनमधलं ग्राशिया, मराठी बायबलमधली कृपा. म्हणजे बघ, हा कमवायचा गुण नाहीच, देवाने आपणहून दिलेलं देणं आहे आणि मला हेच फार आवडतं, की पोरीवर नावाचं ओझं नाही. शिवाय ग्रेस डार्लिंग आहेच, दीपगृहवाल्याची २२ वर्षांची मुलगी, ७ सप्टेंबर १८३८ला बोट फुटली तेव्हा वडिलांसोबत वल्ही मारत वादळात गेली, वडील खडकावर उतरले तेव्हा होडी तिने एकटीने सांभाळली. अडचण एकच, २००० नंतर हे नाव तिथे इतकं चाललंय की वर्गात अजून दोन ग्रेस निघतील.

प्रूडन्सचं मूळ पुढचं बघणं, दूरदृष्टी. इटलीत पादुआच्या चॅपेलमध्ये जॉत्तो या चित्रकाराने प्रूडन्स बाईच्या रूपात काढलीय ती टेबलाशी बसलेली, हातात आरसा आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दुसरा चेहरा, म्हणजे मागचं-पुढचं दोन्ही दिसतंय. आता लोक म्हणतील प्रूड म्हणजे सोवळी बाई, पण तो शब्द फ्रेंचमधून वेगळ्याच मुळातून आलाय, त्याचा याच्याशी संबंध नाही. हां, नाव जरा आजीबाईचं वाटतं हे खरंय.

पण मला प्रूडन्सच ठेवावंसं वाटतं, ते प्रूडन्स क्रँडलमुळे. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये १८३३ला तिने काळ्या मुलींसाठी शाळा काढली, राज्याने त्याविरुद्ध कायदाच केला, एक रात्र तुरुंगात काढली, विहिरीत शेण टाकलं लोकांनी, शेवटी १८३४ला जमावाने खिडक्या फोडल्या तेव्हा शाळा बंद करावी लागली. सावित्रीबाईंच्या १५ वर्षं आधी, आणि तिकडेही शेणच! १९९५ला त्याच राज्याने तिला आपली अधिकृत वीरांगना ठरवलं.

हाक मारायला ग्रेस सोपं, मावशी पहिल्या दिवशी नीट म्हणेल. प्रूडन्सचं ती प्रुडेन्स करणार, करू दे, घरात प्रू म्हणतील सगळे.