गोधडी नापास करून अनामत खाणारे

'घरबसल्या गोधड्या शिवा, आम्ही परदेशात पाठवतो' ही जाहिरात कृष्णाकाठच्या आमच्या भागात पुन्हा फिरायला लागली आहे. फोन नंबर नवा, कंपनीचं नाव नवं, पण मजकूर शब्दाला शब्द तोच. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. शिवणकामावर घराला हातभार लावणाऱ्या बायांनी हे वाचावं आणि ज्यांना सवड नाही त्यांना कुणीतरी वाचून दाखवावं.

मी घरीच शिवते. जूनमध्ये शाळेचे गणवेश, श्रावणापासून ब्लाउज, आणि दिवाळी उरकली की गोधड्या. लोक घरातली जुनी लुगडी, सुती साड्या, धोतरं आणून देतात. मी ती धुऊन, विरलेला भाग काढून थर लावते. थर अंथरायला सासूबाई बसतात, कारण खालचा पदर जरा जरी ओढला गेला तरी पुढे सगळी गोधडी वाकडी जाते आणि त्यांची नजर अजून पक्की आहे. मग कडेनं धावदोरा घालत आत आत येत जायचं. आजीच्या लुगड्याचा काठ वर दिसला पाहिजे, असं नातवंडं मुद्दाम सांगतात. बाळंतपणाच्या दुपट्यांना तर बारा महिने मागणी असते. धाकटी जाऊ शेजारच्याच घरात राहते, तीही शिवते. तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे.

माझे मालक साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत. गाळप संपलं की त्यांचा पगार थांबतो किंवा कमी होतो, आणि पाठोपाठ पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च येतो. आमच्यासारखी घरं या भागात शेकड्यांनी आहेत. ही जाहिरात पहिल्यांदा देणाऱ्या लोकांनी तालुक्याच्या गावी गाळा उघडला तो नेमका हंगाम संपता संपता. हा योगायोग होता असं मला वाटत नाही.

गाळा चांगला थाटलेला होता. भिंतीवर उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं, टेबलावर तयार गोधड्यांचा ढीग, बसायला खुर्च्या, प्यायला थंड पाणी. बोलणारा माणूस अदबीचा. प्रत्येकीला 'ताई', सासूबाईंना 'आई'. त्यानं आधी पैसे मागितलेच नाहीत. एक दुपटं शिवायला दिलं, दुसऱ्या दिवशी उलटसुलट करून पाहिलं, 'ताई, हा हात एक्स्पोर्टचा आहे' म्हणाला आणि ३५० रुपये रोख हातावर ठेवले. जावेलाही तसंच, आणि बचत गटातल्या ज्या ज्या गेल्या त्यांनाही तसंच. ३५० रुपये हे त्यांचं बियाणं होतं.

त्यानंतर खरं काम सांगितलं. पाच गोधड्यांचं किट, त्यात कापलेलं कापड, दोरा, सुया. मजुरी एका गोधडीला १,१०० रुपये. किटची अनामत ६,००० आणि नोंदणीचे ५००. माल पास झाला की मजुरी आणि अनामत एकदम परत. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करार. कराराची प्रत लगेच देत नव्हते, 'साहेबांची सही झाली की देतो' म्हणायचे. अनामत क्यूआर कोडवर भरायची होती. स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव यायला हवं होतं, पण आलं एका माणसाचं. विचारलं तर उत्तर तयार होतं, 'कंपनीचं चालू खातं उघडतंय, तोवर अकाउंटंटच्या खात्यावर घेतोय.' नवीन बाई आणली तर तिच्या नोंदणीमागे ३०० रुपये मिळतील, असंही प्रत्येकीच्या कानावर घातलं.

आता कापडाचं सांगते, कारण सगळी लबाडी कापडातच होती, आणि शिवणाऱ्या बाईलाच ती नीट कळेल.

कराराप्रमाणे तयार गोधडी बरोबर ६० बाय ९० इंच हवी होती. किटमधलं कापडही कापून दिलं होतं ते बरोबर ६० बाय ९०. चार थरांतून धावदोरा गेला की कापड आत ओढलं जातं, चुण्या पडतात, लांबी-रुंदी दोन्ही कमी होते. म्हणून आपण कापतानाच चारी बाजूंनी चार चार बोटं जास्त ठेवतो. शिवाय कडेची दुमड वेगळीच जाते. म्हणजे ते कापड घेऊन जगातल्या कुठल्याही बाईनं शिवलं असतं तरी गोधडी मापात भरलीच नसती. मी हे गाळ्यातच बोलून दाखवलं होतं. तो म्हणाला, 'ते आम्हाला माहीत आहे, आपण कापलेलं माप धरतो.' हे तोंडी. करारात मात्र 'तयार मालाचे माप' असं छापलेलं होतं.

दुसरी अट इंचाला ८ टाके, सगळे सारखे. पातळ कापडावर बारीक सुईनं ते जमतं. पण त्यांच्या किटमध्ये जाड दोरा होता आणि मधले दोन थर पॉलिस्टरचे, बुळबुळीत. सुती लुगड्यात सुई जशी बसते तशी त्यात बसत नाही. थर एकमेकांवरून सरकतात. तिसरी अट 'माल डागविरहित', आणि दिलेल्या पांढऱ्या कापडावर घडीच्या पिवळट रेघा आधीपासूनच होत्या.

आम्ही दोघी जावांनी दुपारची झोप, रात्रीची मालिका सगळं बाजूला ठेवून ते काम केलं. लेकीची दहावी संपली होती, ती सुया ओवून द्यायची. दिर रात्री ट्यूबलाइट बदलून गेले. सासूबाईंनी एक एक गोधडी टेपनं मोजली आणि म्हणाल्या, 'आगं, ही कमी भरत्येय, पण ह्यात तुमचा दोष न्हाई, कापडच बेतून दिलंय.' गोधड्या टपोऱ्या, देखण्या झाल्या होत्या. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. पुढे त्याच गोधड्या लोकांनी पैसे देऊन नेल्या.

माल द्यायला गेल्यावर तोच अदबीचा माणूस वेगळ्याच आवाजात बोलला. टेप लावली, 'अडीच इंच कमी' असं लिहिलं. भिंग घेऊन टाके मोजले. सगळ्यांसमोर म्हणाला, 'ताई, तुमच्या हाताला सफाई नाही. असलं काम बाहेर पाठवलं तर आमचा कंटेनर परत येईल.' पाचही नापास, अनामत जप्त. जावेच्याही पाचही नापास. तिथे बसलेल्या बायांपैकी एकही पुढे काही बोलली नाही. प्रत्येकीला वाटलं, आपलंच काम कमी पडलं. ज्या बाईनं वीस वर्षं गावाला गोधड्या शिवून दिल्या, ती पदर तोंडाशी धरून मुकाट बाहेर पडली.

हीच या फसवणुकीची किल्ली आहे. नुसते पैसे घेऊन पळाले असते तर बायांनी दुसऱ्याच दिवशी गाळ्यावर मोर्चा नेला असता. पण 'तुझं काम वाईट' म्हटलं की बाई घरी सांगत नाही, नवऱ्याला सांगत नाही, शेजारणीला तर मुळीच नाही. तेवढ्या अवधीत त्यांची पुढची वीस-पंचवीस किटं खपतात. मी घरोघर जाऊन विचारलं तेव्हा कळलं की एकीचाही माल पास झाला नव्हता. एकीचाही नाही! माल पास करायचाच नव्हता, कारण परदेशात पाठवायला गिऱ्हाईकच नव्हतं. मजुरी देण्याचा प्रश्नच नव्हता. अनामत हीच त्यांची कमाई.

आम्ही दहा-बाराजणी मिळून गेलो तोवर गाळ्याला कुलूप होतं. गाळ्याच्या मालकानं सांगितलं, भाडंही थकलं आहे.

इथे संपलं असतं तर गेलेल्या पैशांवर भागलं असतं. पण महिन्याभरानं फोन सुरू झाले. 'मी वकील बोलतोय, तुम्ही करारभंग केला आहे.' व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आली, वर राजमुद्रा, खाली लाल शिक्का, ३८,००० रुपये नुकसानभरपाई, नाहीतर अटक वॉरंट. आज तडजोड केली तर ९,५०० मध्ये मिटवतो. जावेला हे फोन दुपारी, घरात कुणी नसताना यायचे. तिचं पोर लहान. 'पोलीस दारात आले तर गावात तोंड दाखवता येणार नाही' असं तिला सांगितलं गेलं. तिनं कानातले गहाण ठेवून पैसे पाठवले आणि कुणाला कळू दिलं नाही. ती जेवेनाशी झाली तेव्हा सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी तिला जवळ बसवून सगळं काढून घेतलं, एका शब्दानं रागावल्या नाहीत. मला त्या माणसांचा सगळ्यात जास्त राग येतो तो याच गोष्टीचा. कष्टाचे पैसे नेलेच, वर एका तरुण पोरीची झोप नेली.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा. करार मोडल्याचं प्रकरण दिवाणी असतं. त्यात फोनवरून अटक होत नाही, कोर्ट यूपीआयवर पैसे मागत नाही. 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे फोनवरूनच अटक, नावाची गोष्ट कायद्यात कुठेच नाही. असा फोन आला तर उत्तर एकच द्या, 'जे काय असेल ते पोस्टानं पाठवा', आणि फोन ठेवा.

जावेनं पाठवलेले पैसे ऑनलाइन गेले होते, म्हणून आम्ही आधी १९३० हा नंबर लावला. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी हा देशभर एकच नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत कळवलं तर ते तिथेच गोठवता येतात, म्हणून इथे एकेक तास मोलाचा. आमचे काही दिवस गेले होते, तरी थोडी रक्कम गोठवली गेल्याचं आम्हाला सांगण्यात आलं आणि ती परत मिळण्यासाठी आता अर्ज केला आहे. तक्रारीला व्यवहाराचा क्रमांक लागतो, तो यूपीआय अ‍ॅपच्या इतिहासात असतो. भीतीनं मेसेज पुसून टाकू नका. धमकीची नोटीस, ते नंबर, तो क्यूआर कोड, सगळा पुरावा आहे.

पोलीस ठाण्यात आम्हाला सुरुवातीला 'हा तुमच्या आपसातल्या व्यवहाराचा वाद आहे' असं ऐकवलं गेलं. लेकीनं आधीच वाचून ठेवलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा आहे. दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीवाचून तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती हद्दीबाहेरची असली तरी नोंदवून घ्यावी लागते आणि प्रथम खबरीची, म्हणजे एफआयआरची, प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. नोंदवून घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं. एकेकटीनं गेलं की वाद वाटतो. आम्ही सगळ्याजणी आपापल्या गोधड्या काखोटीला मारून गेलो आणि दहाही घरच्या गोधड्या त्याच कारणानं, त्याच मापानं नापास झालेल्या दाखवल्या, तेव्हा तिथल्या साहेबांनी खुर्ची पुढे ओढून ऐकलं.

वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर आहे. आमची तक्रार तिथल्याच वकीलबाईंनी नीट मांडून दिली. बाया गोळा करण्यामागे पैसे द्यायचे, ही साखळी योजनांची चाल आहे आणि त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे, हेही त्यांनीच सांगितलं. पण ज्यांनी ३०० रुपयांसाठी शेजारणीला नेलं त्या आमच्याच बाया आहेत, त्यांचीही अनामत बुडाली आहे. त्यांच्याशी कुणी भांडण काढू नये.

काम देणारा खरा की खोटा हे गाळ्यात बसूनच तपासता येतं. उद्यमचं प्रमाणपत्र पाहून विश्वास ठेवू नका. ते कुणीही स्वतःची माहिती स्वतः भरून फुकट काढू शकतो. जीएसटी नंबर विचारा. तो १५ अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ नं सुरू होतो आणि दुकानाच्या पाटीवर लिहिणं बंधनकारक आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नाव आणि पत्ता दिसतो. परदेशात माल पाठवणाऱ्याकडे आयात-निर्यात कोड असावाच लागतो. हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून उठून यावं. आणि मजुरी करणाऱ्याकडून अनामत कसली? कापड त्याचं, तर जोखीम त्याची. ज्याला खरंच माल हवा असतो तो पहिल्या गोधडीचे पैसे देऊन दुसरीचं कापड देतो, एकदम पाचांची अनामत घेत नाही.

विक्रीसाठी खऱ्या वाटाही आहेत. उमेद अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन आहे, १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ आहे, दोन्हीकडे बचत गटामार्फत जाता येतं. नापास ठरवलेल्या आमच्या गोधड्या गटाच्या स्टॉलवर विकल्या गेल्या. जावेची पहिली गोधडी घेणारीनं तिच्याकडे आणखी दोन सांगितल्या, आईच्या साड्यांच्या.

अजून एक फसवणूक मागाहून येते, तीही सांगते. तक्रार झाल्यावर 'तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, फाइलचे १,५०० भरा' असे फोन येतात. आमच्यातल्या तिघींना आले. ज्यांनी फसवलं त्यांच्याकडेच आपले नंबर आहेत, म्हणून ते येतात. पैसे परत मिळवायला पोलिसांत किंवा कोर्टात कुणालाही फोनवरून फी भरायची नसते.

ज्यांनी किट घेतलं आणि अजून कुणाला सांगितलेलं नाही त्यांनी गोधडी, पावती, स्क्रीनशॉट, जे असेल ते घेऊन आपल्या बचत गटाच्या अध्यक्षांना भेटावं. तुमच्या गावातल्या बायांची एकत्र यादी करा, प्रत्येकीचं नाव, रक्कम, भरल्याची तारीख, कोणत्या खात्यावर भरली ते लिहा आणि सगळ्याजणी मिळून आपल्या पोलीस ठाण्यात द्या. गोधडी उसवू नका आणि कापडाचा उरलेला तुकडाही टाकू नका, तोच आमच्या तक्रारीत सगळ्यात जास्त उपयोगी पडला.